पूरप्रवण शहरांत राहणाऱ्यांना पुराचा धोका नेमका कसा दिसतो?

उंबरठा

पूर ओसरला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "दर काही वर्षांनी पाणी येते हे माहीत असताना लोक तिथे राहतातच कसे?" मला हा प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडावासा वाटतो. पुराच्या टापूत राहणारा माणूस धोक्याचा अंदाज कशावरून बांधतो? पूररेषेच्या नकाशावरून किंवा पावसाच्या आकड्यांवरून तो क्वचितच बांधतो, असे माझे निरीक्षण आहे. मागच्या वेळी पाणी कुठवर आले होते, ही एक खूण त्याच्या मनात पक्की बसलेली असते. कोणासाठी ती जिन्याची तिसरी पायरी असते, कोणासाठी खिडकीची चौकट, तर कोणासाठी चौकातल्या झाडाचा पार. नदी फुगू लागली की साऱ्या वस्तीचे बोलणे त्या खुणेभोवती फिरते. "अजून त्या वेळेइतके आलेले नाही" हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते आणि त्याच वाक्यामुळे घर सोडायला उशीर होतो.

मागचा पूर म्हणजे येणाऱ्या पुराची कमाल मर्यादा, असे आपण न बोलता धरून चालतो. ज्या शहरांत पूर नवा नाही तिथेही माणसे अडकतात, याचे मोठे कारण माझ्या मते हे गृहीतक आहे. ज्यांनी पूर पाहिला आहे आणि ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, अशा दोन्ही प्रकारच्या सभासदांनी लिहावे.

शोधयात्री

तुमच्या निरीक्षणाला अभ्यासाचा जुना आधार आहे. रॉबर्ट केट्स या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९६२ साली पूरमैदानात, म्हणजे नदीकाठच्या पूर पसरणाऱ्या सखल जमिनीवर, राहणाऱ्यांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे आपल्या अनुभवाची कैदी असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जे घडलेले पाहिले तेच पुन्हा घडेल, फार तर थोडे अधिक घडेल, एवढीच कल्पना बहुतेकांना करता येते.

याचे अलीकडचे आणि फार वेदनादायी उदाहरण म्हणजे जर्मनीतील आर नदीचे खोरे. तिथल्या आल्टेनार गावी नदीची पातळी मोजणाऱ्या मापकावर २०१६ च्या पुरात पाणी ३.७१ मीटरवर गेले होते आणि तोवरच्या मोजणीतील तो उच्चांक होता. १४ जुलै २०२१ रोजी नदी वाढू लागली तेव्हा अनेकांच्या डोळ्यांसमोर २०१६ चाच पूर होता. त्या पुराला पुरले होते तेवढे सामान वर उचलून ठेवले की निभावेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या रात्री पाणी ५.७५ मीटरवर पोहोचल्यानंतर मापकच वाहून गेला आणि पाणी त्यानंतरही चढत राहिले. त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. याहून बोलकी गोष्ट अशी, की याच नदीला १८०४ आणि १९१० साली महाभयंकर पूर येऊन गेलेले होते. पण धोक्याचे अधिकृत नकाशे विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या नियमित मोजणीवर बेतलेले होते, त्यामुळे ते दोन्ही पूर हिशेबाबाहेर राहिले. म्हणजे केवळ रहिवाशांची नव्हे, तर यंत्रणेची स्मृतीसुद्धा तेवढीच आखूड होती.

गणिती

वरच्या दोन्ही प्रतिसादांना जोडून एक हिशेब मांडतो. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, आत्ताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की त्या पातळीचा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे. मागच्या वर्षी तो आला होता म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. जो माणूस अशा रेषेवरच्या घरात ३० वर्षे राहील, त्याच्या वाट्याला तो पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि ७० वर्षे राहिला तर निम्म्याहून किंचित अधिक. घराचे कर्ज फेडण्याच्या काळात चारात एक एवढी शक्यता असेल, तर ती 'कधीतरी' म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

ह्यूस्टन शहराने २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे असे पूर पाहिले, ज्यांचे वर्णन काही भागांत 'पाचशे वर्षांतून एकदा' असे केले गेले. अशा वेळी दोन शक्यता उरतात. एक तर तो दुर्मीळ योगायोग असेल, किंवा ज्या नोंदींवरून ५०० हा आकडा काढला त्या आता लागू पडत नाहीत, कारण वरच्या अंगाची माती काँक्रीटखाली गेली आहे आणि पाऊसही पूर्वीसारखा पडत नाही. मला दुसरी शक्यता अधिक पटते. तसे असेल तर रहिवाशाची खूणही जुनी आणि तज्ज्ञाची रेषाही जुनी, असा प्रकार होतो.

तळमजला

मी पुराच्या पट्ट्यात भाड्याच्या घरात, तळमजल्यावर, बरीच वर्षे राहिले आहे. वरची चर्चा वाचताना सारखे जाणवते, की आम्हाला धोका कळत नाही असे मनाशी धरूनच ती पुढे चालली आहे. आम्हाला तो कळतो. उंचावरच्या वस्तीतले भाडे परवडत नाही, कामाचे ठिकाण इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुलांची शाळा इथे आहे. ही सगळी रोजची कारणे आहेत, आणि पूर काही वर्षांतून एकदा येतो. ज्याला महिना भागवायचा आहे तो रोजच्या अडचणीला आधी उत्तर शोधतो. त्याला तुम्ही समजुतीतील दोष म्हणणार असाल, तर मला ते मान्य नाही.

धोका कळतो म्हणजे काय, तेही सांगते. आमच्या घरातले विजेचे सगळे बोर्ड छातीच्या उंचीवर होते. कागदपत्रे कपाटात कधीच नसत, प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून माळ्याच्या कडेला टांगलेली असत. पलंग लोखंडी होता, कारण प्लायवूड एकदा फुगले की पुन्हा बसत नाही. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची जी रेघ उमटते ती साऱ्या घरभर एका पातळीत जाते, एखाद्या गवंड्याने ओळंबा लावून आखावी तशी. घरमालकाने रंग काढला तेव्हा ती रेघ झाकली गेली. पण स्वयंपाकघराच्या दारामागे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नव्हता. तिथे वीतभर रेघ शिल्लक राहिली आणि जूनपासून माझे लक्ष दिवसातून एकदा तरी तिच्याकडे जात असे.

पाणलोट

तळमजला, तुमचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. धोका कळणे, धोक्याची भीती वाटणे आणि धोक्यावर काही करता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत बहुधा पहिलीच धरली जाते आणि तिसरीविषयी कोणी बोलत नाही.

मला आणखी एक बाजू मांडायची आहे. नदीला तटबंध घातला किंवा वर धरण बांधले, की खाली राहणाऱ्यांची भीती धोक्यापेक्षा कितीतरी वेगाने उतरते. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच हे दाखवून दिले होते, की पूर अडवण्यासाठी केलेल्या बांधकामांमुळे पूरमैदानात वस्ती वाढते आणि मग बांध पुरा पडला नाही, तर होणारे नुकसान पूर्वीपेक्षा मोठे असते. ब्रिस्बेनचे उदाहरण पाहा. १९७४ साली तिथे शहरातील मापकावर नदी ५.४५ मीटरपर्यंत चढली. त्यानंतर १९८० च्या दशकात वायव्हेन्हो धरण पूर्ण झाले आणि पूर आता मागे पडला, अशी समजूत शहरात रुजली. नदीकाठी नवी घरे उभी राहिली, बाहेरून आलेल्या कुटुंबांनी ती घेतली. २०११ साली पाणी ४.४६ मीटरवर आले. म्हणजे १९७४ पेक्षा जवळजवळ एक मीटर कमी, पण हजारो घरांत पाणी होते. २०२२ साली पुन्हा पूर आला. धरणाने पाण्याची उंची कमी केली हे खरे आहे. मात्र 'कमी करणे' आणि 'येऊ न देणे' यांतील अंतर लोकांपर्यंत पोहोचलेच नाही.

ह्यूस्टनमध्ये याहूनही विचित्र प्रकार घडला. २०१७ च्या हार्वे वादळात जी घरे बुडाली त्यांतील हजारो घरे पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या दोन जलाशयांच्या वरच्या अंगाला होती, म्हणजे जलाशय काठोकाठ भरल्यावर पाणी जिथे पसरणार त्याच जमिनीवर. आपण जलाशयाच्या पोटात राहतो आहोत, हे तिथल्या बहुतेकांना पाणी दारात येईपर्यंत ठाऊक नव्हते. यात रहिवाशाच्या समजुतीला दोष कसा द्यायचा?

वाटसरू

मग इशाऱ्यांचे काय? आमच्याकडे पावसाळाभर मोबाइलवर इतके इशारे येतात की लोक ते न वाचता पुसतात. 'लांडगा आला रे आला' अशी गत झाली आहे.

शोधयात्री

वाटसरू, इशारा खोटा ठरला म्हणून लोक पुढचा इशारा ऐकत नाहीत, हे अर्धेच खरे आहे. इशारा का दिला होता आणि पाणी का आले नाही, हे नंतर कोणी सांगितले, तर विश्वास बराचसा टिकतो. तो तुटतो तो मौनामुळे.

आकड्यांवर दाखवलेला अति-विश्वास मला अधिक धोकादायक वाटतो. १९९७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ग्रँड फॉर्क्स या शहराला रेड नदीची पातळी ४९ फुटांपर्यंत जाईल असा अंदाज आधीच मिळाला होता. नागरिकांनी त्या आकड्यावर विसंबून थोडा वाव ठेवून बांध उंचावले. पाणी ५४ फुटांच्या वर गेले आणि शहर बुडाले. अंदाजात नेहमीच थोडेफार मागेपुढे असते. पण लोकांच्या हाती एकच आकडा पडला होता आणि त्यांनी त्याला हमी मानले. "४९ फूट, पण ५४ सुद्धा होऊ शकेल" असे कोणी स्पष्ट सांगितले असते, तर तयारी निराळी झाली असती. आता काही देशांत इशारा देताना पाण्याची उंची सांगण्याऐवजी कोणता रस्ता बंद पडेल, कोणत्या इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरेल, असे सांगण्याकडे कल वाढला आहे. माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे, कारण धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे हे ऐकून माझ्या दाराशी काय होणार, हे मला उमगत नाही.

ओंजळ

नदीचा पूर एवढाच पूर धरून बहुतेकांनी लिहिले आहे. शहरात पाणी गटारातूनही येते, आणि जे नदीपासून दूर राहतात त्यांना आपण पूरप्रवण भागात आहोत असे कधी वाटतच नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच दिवशी कुलाब्यात अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरातील दोन माणसांना त्या दिवसाविषयी विचारले, तर दोन वेगळी शहरे कानावर येतील. दक्षिणेकडच्या कार्यालयांतून उपनगरांतील घरांकडे निघालेल्यांना आपण कशात शिरतो आहोत याचा अंदाज नव्हता, कारण त्यांच्या खिडकीबाहेर नेहमीचाच पाऊस होता. आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसावरून धोका मोजण्याची ही सवय नदीकाठीही घात करते. ऊन पडलेले असते, लोक घाटावर पाणी पाहायला जमतात, आणि पूर वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा असतो.

जुन्या माणसांच्या ज्ञानाविषयीही थोडे लिहिते. पाण्याचा रंग बदलणे, काठावर काटक्याकचरा वाहून येणे, उलट्या दिशेने ओहोळ भरू लागणे, या खुणा आजीच्या पिढीला पाठ असत आणि त्या आजही खऱ्या आहेत. मात्र त्या खुणा दिसल्यानंतर हाती किती वेळ उरतो, हे गणित बदलले आहे. पाणलोटात बांधकाम वाढले की पाणी लवकर येते. तेव्हा "पाणी चढायला रात्र जाईल" असे घरातील ज्येष्ठ म्हणत असतील, तर त्यांचा आदर राखूनही घर त्याआधी सोडावे.

निळीरेषा

नकाशांविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. ढोबळमानाने निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इतर देशांतही अशीच काही ना काही वर्गवारी असते. रेषेमुळे एक चमत्कारिक परिणाम होतो : जो रेषेच्या बाहेर दहा पावलांवर राहतो तो स्वतःला पूर्ण सुरक्षित समजतो. पाणी रेषेपाशी थांबत नाही, तिथे केवळ शक्यता हळूहळू कमी होत जाते.

आणि नकाशा प्रसिद्ध झाला की त्या भागातील मालमत्तेचे भाव पडतील, या धास्तीने सर्वांत जास्त विरोध तिथल्या घरमालकांकडूनच होतो. त्यांची आयुष्यभराची पुंजी त्या चार भिंतींत असते, म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण परिणाम असा होतो, की धोक्याची माहिती ज्याच्याकडे आहे त्याला ती लपवावीशी वाटते, आणि ज्याला तिची गरज आहे तो भाडेकरू किंवा नवा खरेदीदार अंधारात राहतो. धोक्याची जाणीव हा एकेका माणसाच्या मनाचा प्रश्न म्हणून पाहिला, तर ही देवाणघेवाण दिसतच नाही.

गणिती

याला विम्याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील पूरविम्याच्या पॉलिसींचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले, की त्या साधारणपणे दोन ते चार वर्षेच चालू राहतात. पूर येऊन गेला की लोक विमा घेतात. दोनतीन कोरडी वर्षे गेली की हप्ता वाया गेल्यासारखा वाटतो आणि विमा बंद होतो. टवर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडले होते, की जी घटना सहज आठवते ती माणसाला अधिक संभाव्य वाटते. आठवण जशी फिकी पडते तसा धोकाही मनातून उतरतो, नदी मात्र आहे तिथेच असते.

म्हणून सार्वजनिक ठिकाणी पूरखुणा कोरण्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जर्मनीतील पासाऊ शहरात नगरभवनाच्या मनोऱ्यावर शतकानुशतकांच्या पुरांच्या खुणा वर्षांसह आहेत. २०१३ साली तिथे जो पूर आला तो १५०१ नंतरचा सर्वांत मोठा होता, आणि ही तुलना करता आली ती जुनी नोंद कोणीतरी भिंतीवर जपून ठेवली होती म्हणून.

तळमजला

पूरखुणांना माझा मनापासून पाठिंबा आहे, फक्त तिथे सर्वांत मोठ्या पुराच्या वर रिकामी जागा राखलेली दिसायला हवी.

आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. घोटाभर किंवा गुडघाभर पाण्याला कोणी धोका मानतच नाही. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी उभ्या माणसाचा पाय उचलू शकते, ३० सेंटिमीटरमध्ये लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. त्यात उघडे मॅनहोल दिसत नाही. रोजच्या रस्त्याचा भरवसा माणसाला पाण्यात उतरवतो. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे कळायला मार्ग नसतो.

उंबरठा

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. मूळ प्रश्नाकडे येताना दोन गोष्टी जोडतो. मागच्या पुराची खूण हाच लोकांचा मापदंड असतो, हे मी अजूनही ठामपणे म्हणेन. १९६९ च्या कमिल वादळातून वाचलेले जुने लोक अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर २००५ च्या कतरिनाच्या वेळी "तेव्हा इथे पाणी आले नव्हते" म्हणून घरातच थांबले, आणि कतरिनाचे वारे कमिलपेक्षा मंद असूनही तिची समुद्रलाट उंच निघाली. पण तळमजला आणि निळीरेषा यांच्यामुळे हेही मान्य करावे लागते, की योग्य मापदंड हातात दिला तरी निघून जायला जागा, वेळ आणि पैसा लागतो. त्याच कतरिनात लुइझियानात दगावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. त्यांतील किती जणांना धोका कळला नव्हता आणि किती जणांना न्यायला कोणी आले नव्हते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवूनच विचारले पाहिजेत.

नवखा

मी पुढच्या महिन्यात नदीपासून थोड्या अंतरावर घर भाड्याने घेणार आहे. मालक म्हणतात, इथे कधीच पाणी आलेले नाही. खात्री कशी करावी?

तळमजला

मालकांना विचारू नका, तळमजल्यावरच्या भाडेकरूला विचारा, आणि शक्य झाल्यास सर्वांत जुन्या दुकानदारालाही. विजेची मीटरपेटी किती उंचावर बसवली आहे ते पाहा. आजूबाजूच्या इमारतींत ती डोक्याच्या वर असेल, तर त्यामागे कारण आहे. तळमजल्याच्या दारांच्या चौकटी खालच्या बाजूला कुजलेल्या किंवा नव्याने बदललेल्या दिसतात का, तेही पाहा.

निळीरेषा

आणि नगररचना कार्यालयात पूररेषेचा नकाशा पाहायला मागा. घर रेषेच्या बाहेर निघाले, तरी रेषेपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे ते टिपून घ्या. करार करण्याआधी रात्रीच्या वेळी तिथून उंच भागाकडे जाणारा रस्ता एकदा स्वतः चालून पाहा, आणि त्या वाटेवर ओढा किंवा सखल पूल लागत असेल, तर दुसरी वाट आहे का तेही बघा.